संस्कृत घेऊ का, ताई?

आपल्या विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. पहिला पाऊस पडून गेलेला असतो, खिडकीतला कूलर मात्र अजून काढलेला नसतो आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. आमच्या महिला मंडळाची अभ्यासिका वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी सहा ते आठ चालते. मागच्या वर्षी याच दिवसांत आठवीत गेलेली एक मुलगी हातात शाळेचा फॉर्म घेऊन आली. सोबत तिची आई. चार घरची धुणीभांडी आटोपून थेट तिथेच आलेली, पदराला अजून साबणाचा वास.

"ताई, इथं काय लिहू? हिंदी का संस्कृत?"

मी तोंड उघडायच्या आत आईनं उत्तर दिलं. "हिंदीच लिहा जी बाई. संस्कृत घेऊन काय करते हे? सत्यनारायण सांगाले जाते का?"

बाजूच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मुलगी मात्र हसली नाही. म्हणाली, "मले घ्यायचं आहे. शंभरपैकी शंभर भेटतात म्हणे."

मैत्रिणींनो, तुमच्या घरात कोणी आठवीत गेलं असेल तर हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. आपल्या राज्यमंडळाच्या मराठी शाळांत आठवीपासून तिसऱ्या भाषेला पर्याय मिळतो. संपूर्ण हिंदी घ्या, संपूर्ण संस्कृत घ्या, नाहीतर दोन्ही अर्धं अर्धं, म्हणजे संयुक्त. बऱ्याच घरांत याचा निर्णय पाच मिनिटांत होतो. संस्कृतमध्ये गुण चांगले पडतात, टक्केवारी वर जाते, घे संस्कृत! आमच्या घरी तर पाच मिनिटंही लागली नव्हती. माझी आई संस्कृत शिकलेली, ताई शिकलेली, मग मीही शिकले. 'देवः देवौ देवाः' पाढ्यांसारखं म्हटलं, दहावीला चौऱ्याऐंशी गुण मिळवले आणि पुढच्या उन्हाळ्यात सगळं विसरले. पुढे बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं, संस्कृतचं नावही काढलं नाही.

पण त्या दिवशी तो फॉर्म हातात घेताना मला वेगळीच एक मुलगी आठवली. सहा-सात वर्षांपूर्वी तिनंही मला हेच विचारलं होतं. तेव्हा मी अगदी मायेनं, डोक्यावरून हात फिरवत सांगितलं होतं, "हिंदी घे बेटा, तुला सोपं जाईल." ती चुपचाप गेली. पुढे बी.ए. झाली. आता एका दुकानात हिशेब लिहिते, बरं चाललंय तिचं. एकदा बाजारात भेटली. इकडच्या-तिकडच्या गप्पा झाल्या आणि जाता जाता म्हणाली, "ताई, तुमच्या मुलीनं कोणतं घेतलं होतं?"

माझ्या मुलीनं संस्कृत घेतलं होतं. तिला सोपं जाईल की अवघड, हे मी विचारलंसुद्धा नव्हतं.

म्हणून या वेळी मी म्हटलं, दोन दिवस थांबा. फॉर्म पिशवीत टाकला आणि घरी येऊन वाचनालयातून आणलेलं एक पुस्तक पुन्हा काढलं. कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट'. १९८१ साली आलेलं. आपल्या नागपूरच्याच या बाई. १९३८ सालचा जन्म, माहेरच्या सोमकुवर. २०२३ च्या मे महिन्यात त्या गेल्या, तेव्हा पेपरात बातम्या आल्या. पण त्याआधी आपल्यापैकी किती जणींनी त्यांचं नाव ऐकलं होतं? मी स्वतः चाळिशी उलटल्यावर वाचलं, हे कबूल करते.

त्या संस्कृतच्या प्राध्यापिका होत्या. दलित घरातली मुलगी, स्वातंत्र्याच्या आगेमागे शाळेत जाणारी, आणि संस्कृत शिकायचं म्हणते. भोवतालच्यांना हे पचणं कठीणच होतं. पुस्तकात त्यांनी शाळेतल्या आपल्या गुरुजींबद्दल लिहिलंय, गोखले गुरुजी. धोतर, कोट, टोपी, कपाळाला गंध असा पक्का जुन्या वळणाचा माणूस. हे आपल्याला शिकवतील का, अशी धाकधूक त्या पोरीच्या मनात होती. पण गुरुजींनी शिकवलं, आणि मन लावून शिकवलं. मला हा भाग वाचताना नेहमी वाटतं, त्या माणसानं एक साधा नकार दिला असता तर त्याला कोणी जाब विचारला नसता. तेव्हाच्या रीतीला धरूनच झालं असतं ते.

पुढे त्या एम.ए. झाल्या, तेही उत्तम गुणांनी. विभागातल्या एका मोठ्या विद्वानांना त्यांचं शिकणं रुचत नव्हतं, हेही त्यांनी लपवलेलं नाही. खरी गंमत (गंमत कसली!) त्यानंतर आहे. पदवी हातात, तोंडभर कौतुक, पण नोकरी काही मिळेना. मुलाखतीला गेलं की आडनाव आडवं येई. मग त्यांनी आंतरजातीय लग्न केलं, सोमकुवरच्या पावडे झाल्या, आणि काही महिन्यांत सरकारी महाविद्यालयात नोकरी लागली. पदवी तीच आणि बाईही तीच, नाव तेवढं बदललं. ही नोकरी माझ्या संस्कृतला मिळाली की माझ्या नव्या आडनावाला, हा प्रश्न त्यांना शेवटपर्यंत टोचत राहिला. समारंभांत लोक 'दलित असून संस्कृत!' म्हणून जे कौतुक करायचे, त्याचाही त्यांना आनंद कमी आणि त्रास जास्त व्हायचा. वाचून मला तर खाली मान घालावीशी वाटली. कारण असं कौतुक आपणही करतो. 'तुमची मुलगी किती छान बोलते हो!' त्या 'तुमची'मध्ये बरंच काही असतं.

यातलं दुसरं मोठं नाव तर सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमरावाला संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून शिक्षकांनी नकार दिला आणि त्याला पर्शियन घ्यावं लागलं. १९०७ साली मॅट्रिक झाले ते पर्शियन घेऊनच, बी.ए.लाही पर्शियन आणि इंग्रजी. पुढे पंडितांच्या मदतीनं आणि स्वतःच्या कष्टानं ते संस्कृत शिकले. आणि १९४९ च्या सप्टेंबरमध्ये, राजभाषेचा वाद पेटला होता तेव्हा, संस्कृतला राजभाषा करावं या सूचनेला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला होता. शाळेत ज्या भाषेचं दार तोंडावर लावलं गेलं, तिच्यासाठीच! दीक्षाभूमीजवळून जाताना हे मला हमखास आठवतं.

आता तुम्ही म्हणाल, एका फॉर्मसाठी एवढा इतिहास कशाला? पण मला कुतूहल वाटायला लागलं की या जुन्या भाषांभोवती एवढं कुंपण का. आणि हे आपल्याकडेच आहे की सगळीकडे? थोडं वाचलं, तर लक्षात आलं की विलायतेत लॅटिन आणि ग्रीकचं अगदी असंच होतं.

तिकडच्या चांगल्या शाळा म्हणजे लॅटिनच्या शाळा. मुलगा सात-आठ वर्षांचा झाला की लॅटिनची रूपं पाठ करायला बसायचा, थोडा मोठा झाला की ग्रीक. मनात प्रेम असो वा नसो, पुढची सगळी दारं त्याच किल्लीनं उघडायची. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये ग्रीक सक्तीचं होतं ते पहिलं महायुद्ध संपल्यावर सुटलं, आणि लॅटिनची अट तर १९६० पर्यंत होती. आपल्यावर राज्य करायला येणाऱ्या आय.सी.एस. साहेबांची परीक्षा १८५५ साली सुरू झाली, तीत लॅटिनला ७५० गुण, ग्रीकला ७५० गुण, आणि संस्कृत व अरबीला प्रत्येकी ३७५! भारतात येऊन कामाला कोणती भाषा पडणार होती, हे विचारू नका. गुण साहेबांच्या शाळेत जे शिकवत त्यालाच होते.

तिथेही मुली या कुंपणाबाहेरच. भावाला शाळेत ग्रीक, बहिणीला घरी भरतकाम. व्हर्जिनिया वुल्फ ही एवढी मोठी लेखिका, पण भाऊ केंब्रिजला गेले आणि ती घरी शिकवणीला बाई ठेवून ग्रीक शिकली. त्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडली. १८८७ साली केंब्रिजच्या ग्रीक-लॅटिनच्या सर्वांत कठीण परीक्षेत पहिल्या वर्गाच्या वरच्या श्रेणीत त्या वर्षी एकच नाव होतं, ते अॅग्नाटा रॅम्से नावाच्या मुलीचं. एकही मुलगा तिच्या जोडीला नव्हता. पण पदवी? ती नाही. केंब्रिजनं बायकांना पूर्ण पदवी दिली १९४८ साली. आपला देश स्वतंत्र झाला तरी त्यांचं ठरत नव्हतं!

आणि याच काळात आपली एक मराठी बाई काय करत होती बघा. पंडिता रमाबाई. जन्म १८५८. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून पंडितांच्या सभेसमोर त्यांना खुलासा द्यावा लागला होता. त्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, रानातल्या आश्रमात रमाबाईंना शिकवलं. आईकडून लेकीला संस्कृत! १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी विशीतल्या या मुलीला 'पंडिता' म्हटलं. पुढे त्या विलायतेला गेल्या, ख्रिस्ती झाल्या, त्यावरून इथे केवढं वादळ उठलं ते आपण शाळेत वाचलंय. कमी सांगितला जाणारा भाग म्हणजे, बायबल साध्या बायकांना समजेल अशा मराठीत मुळातून आणायचं म्हणून या बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. हाताशी केडगावच्या मुक्ती सदनातल्या शेकडो निराधार बायका-मुलींचा संसार, दुष्काळ, रोगराई, आणि त्यात हे भाषांतर. १९२२ मध्ये त्या गेल्या तोवर काम होत आलं होतं, १९२४ मध्ये ते पूर्ण छापून निघालं. मुक्तीच्या छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्या हातांत तिथल्याच मुलींचे हात होते. बायकांनी ग्रीक शिकून काय करायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी केडगाव आठवावं.

तसं लॅटिन आपल्या नागपूरलाही अगदीच परकं नाही बरं का. सेमिनरी हिल्सवर आपण मुलांना फिरायला नेतो, पण त्या टेकडीला हे नाव कशावरून पडलं याचा विचार किती जणींनी केला असेल? तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीवरून. म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारी शाळा. जगभरच्या अशा शाळांत लॅटिन शिकल्याशिवाय गत्यंतर नसे. गोव्यात राशोलच्या सेमिनरीत तर हे कित्येक शतकं चाललं. १९६२ ते १९६५ या काळात रोमला मोठी परिषद झाली, प्रार्थना लोकांच्या भाषेत करायला मोकळीक मिळाली आणि लॅटिन मागे पडत गेलं. आपल्या पूजेतलं संस्कृत मात्र अजून भटजींच्याच हवाली आहे. असो, विषय निराळा आहे.

मुंबई विद्यापीठाचं पण एक सांगते. १८५७ ला स्थापन झालं, आणि काही वर्षांतच वरच्या वर्गांतून मराठी काढून टाकली. शिकायची तर अभिजात भाषा शिका, म्हणजे संस्कृत, लॅटिन, पर्शियन अशी. मराठीला परत आत घ्यायला न्यायमूर्ती रानड्यांना किती वर्षं भांडावं लागलं! भांडारकरांनी इंग्रजी शाळांतल्या मुलांसाठी 'मार्गोपदेशिका' लिहिली ती याच सुमाराला, १८६० च्या दशकात. पाठशाळेत बारा वर्षं घोकायचं ते संस्कृत त्यांनी धड्याधड्यांतून, लॅटिनच्या क्रमिक पुस्तकासारखं सोपं करून मांडलं. नाना शंकरशेटांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती तर अजून लोकांच्या तोंडी आहे. चिंतामणराव देशमुखांना १९१२ च्या मॅट्रिकला ती मिळाली होती. आपल्याकडे 'हुशार मुलगा म्हणजे संस्कृत' हे समीकरण बसलं ते तेव्हापासून, असं मला वाटतं. आणि ते अजून उतरलेलं नाही, याचा अनुभव दोनच दिवसांनी आला.

कारण मी फॉर्म घेऊन शाळेत गेले. शाळेचं नाव घेत नाही, अशा बऱ्याच आहेत. पर्यवेक्षिका बाई चांगल्या होत्या, चहा दिला. मग म्हणाल्या, "संस्कृत फक्त अ तुकडीला असतं. सातवीला ऐंशीच्या वर लागतात. हिला चौऱ्याहत्तर आहेत."

मी म्हटलं, "संस्कृत घेतल्यानं टक्केवारी वाढते म्हणता, आणि टक्केवारी असल्याशिवाय संस्कृत देत नाही. मग वाढायची कोणाची?"

त्या हसल्या. "अहो, घरी कोणी सांगणारं नसतं, मग मुली मागे पडतात. आम्ही त्यांच्या भल्यासाठीच सांगतो."

मी गप्प बसले. कारण 'सोपं जाईल बेटा' हे माझंच वाक्य त्या बोलत होत्या.

आईही सोबत होती, खुर्चीच्या कडेला अवघडून बसलेली. मुलगी उभी. आणि अचानक मुलगीच बोलली. "मॅडम, घरी आई म्हणते ना रोज."

"काय म्हणते?"

"त्रिशरण. आम्ही रविवारी विहारात पण म्हणतो. त्यात 'सरणं' आहे ना, तेच संस्कृतमध्ये 'शरणं' होते काय? माझ्या मैत्रिणीच्या पुस्तकात पाहिलं मी."

खोलीत क्षणभर कोणी बोललं नाही. मी तर सर्दच झाले. ही पोरगी पाळण्यात असल्यापासून पाली ऐकतेय. अडीच हजार वर्षांची परंपरा असलेली भाषा हिच्या आईला तोंडपाठ आहे. आणि आम्ही सगळ्या शिकल्या-सवरल्या बाया म्हणत होतो की घरी सांगणारं कोणी नाही! २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारनं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. त्याच दिवशी त्याच यादीत पाली आणि प्राकृतही होत्या, हे किती जणींच्या ध्यानात आहे? आपल्या नागपूर विद्यापीठात पाली-प्राकृतचा स्वतंत्र विभाग आहे. राज्यमंडळाच्या विषयांतही पाली आहे. पण शाळेनं शिकवायला माणूस ठेवला तर ना!

वस्तीतल्या काही तरुण मुलांना आमचं हे संस्कृतचं खटलं आवडलं नव्हतं, हेही सांगायला हवं. एक जण स्पष्ट म्हणाला, "ताई, ज्या भाषेनं आमच्या आजोबांना बाहेर उभं केलं, ते आम्ही कायले शिकावं? पाली शिकवा ना." मी त्याच्याशी वाद घातला नाही. त्याचं खोटं कुठे आहे? मी एवढंच म्हटलं की शाळा पाली शिकवत नाही, आणि कुमुदताईंचं पुस्तक त्याला वाचायला दिलं. त्यानं अजून परत केलेलं नाही. वाचनालयाचा दंड मी भरतेय.

शेवटी शाळेनं मधला मार्ग काढला. संपूर्ण नाही, पण संयुक्त, म्हणजे पन्नास गुणांचं हिंदी आणि पन्नास गुणांचं संस्कृत. मला ते अर्धवट वाटलं, पण पोरगी खूश होती. 'आनन्द' नाव त्या पुस्तकाचं. तिनं त्याला लगेच खाकी कव्हर घातलं.

आता शिकवणार कोण? मीच बसले. तीस वर्षांपूर्वी विसरलेलं सगळं पुन्हा काढलं. आणि खरं सांगते, शाळेत एकदाही मजा आली नव्हती ती आता येतेय. आम्हाला तेव्हा कोणी सांगितलंच नाही की मातृ म्हणजे आई, तीच लॅटिनमध्ये मातेर आणि ग्रीकमध्ये मेतेर होते, आणि अग्नीला लॅटिनमध्ये इग्निस म्हणतात. कलकत्त्याचे न्यायाधीश विल्यम जोन्स यांनी १७८६ साली भर सभेत सांगितलं होतं की या तिन्ही भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. दोनशे वर्षांत ते आमच्या बाईंपर्यंत पोचलं नव्हतं, बहुतेक. आम्हाला फक्त रूपं पाठ.

परवाची गोष्ट. अभ्यासिकेत ती द्विवचनावर अडून बसली. "एकासाठी एक रूप, खूप जणांसाठी एक, समजलं. पण दोघांसाठीच वेगळं कायले, ताई?"

मलाही नीट सांगता येईना. घरी येऊन पुस्तक काढलं. जुन्या ग्रीकमध्येही दोघांसाठी वेगळं रूप होतं, मग ते मागे पडलं. लॅटिनमध्ये नावापुरतं उरलं. पालीनं तर द्विवचन सोडूनच दिलं, आणि मराठीतही ते नाही. दुसऱ्या दिवशी तिला हे सांगितलं, तर ती जाम खूश. "म्हणजे आईची भाषा सोपी आहे!"

आई दाराशी चप्पल घालत होती. तिथूनच म्हणाली, "मग त्या दोघायचं काय झालं बाप्पा? कुठं गेले ते?"

"गर्दीत मिसळले," पोरगी म्हणाली, आणि वही उघडून पुढचं रूप लिहायला लागली.